गरम पाळण्याचे दोन हिवाळे

आदिलाबादेत कडाक्याची थंडी पडते असं मी हैदराबादेत कॉलेजात सांगायचे तेव्हा पोरी हसायच्या. आंध्र म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं घाम, लोणचं आणि समुद्र. आमचा जिल्हा त्याच राज्यात, पण पार वर, नागपूरकडं सरकून बसलेला आहे आणि पुस-माघात तिथं सकाळी नळाखाली हात धरला की बोटं बधिर होतात, हे त्यांना पटायचंच नाही. मी भांडायचे. स्वभावच तसा. आई म्हणायची, ही नाकावर माशी बसू देत नाही.

सगळ्या वर्गात एकच जण हसला नाही. तो बेल्लमपल्लीचा, आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा. बाप कोळसा खाणीत. तो म्हणाला, "पडते थंडी. माझा बापू पहाटे पहिल्या पाळीला मफलर गुंडाळून जातो. खाली उतरला की काढून ठेवतो, खाली गरम असतं." त्याची मायबोली तेलुगू, माझी मराठी. माझं शाळेतलं तेलुगू आणि त्याचं बाजारातलं मराठी अशी आमची मैत्री सुरू झाली, आणि पुढं हाच माझा भागीदार झाला. लोकांनी आमचं लग्न केव्हाच लावून टाकलं होतं. आम्हाला मात्र त्यासाठी कधी वेळ झाला नाही आणि इच्छाही झाली नाही.

धंद्याचं खूळ माझ्या डोक्यातून निघालं. शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत शेजारणीच्या लेकीला लेकरू झालं म्हणून मी सरकारी दवाखान्यात बघायला गेले होते. लेकरू अशक्त. लाकडी पेटीत ठेवलेलं आणि वर एक मोठा बल्ब, त्याच्या उबेवर ते पडलेलं. आणि करंट गेला. आमच्याकडं करंट जाणं म्हणजे रोजचंच, कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. नर्सनं शांतपणे लेकरू उचललं, आईच्या छातीशी धरलं, वरून घोंगडी टाकली. लेकरू वाचलं. पण नर्स सहज म्हणाली, "दर वेळेस थोडीच वाचतात." मला असा राग आला! कोणावर, ते कळेना. तो राग घेऊनच मी हैदराबादला परत गेले आणि भागीदाराला म्हटलं, करंट गेला तरी गार न होणारा पाळणा करायचा.

स्टार्टअप हा शब्द तेव्हा आमच्या गावापर्यंत आला नव्हता. आई म्हणायची "पोरीचा कारखाना". कारखाना म्हणजे जिनिंग मिलच्या मागची एक खोली, पत्र्याची. कापसाचे तंतू हवेत उडायचे आणि नेमके गरम डागकामावर, म्हणजे सोल्डरिंगवर, येऊन चिकटायचे. आमचं घर पिढ्यान्पिढ्या इथलंच, सगळे नोकरदार. वडील तहसील कचेरीत, त्यांच्या तोंडी अजून निजामाच्या काळातले शब्द. "दरखास्त कोणाकडं केली? मंजुरी कोणाची?" असं विचारायचे. मी म्हणायचे, मंजुरी कोणाचीच नाही, आमची आम्हीच घेतली. मग ते पेपर वर धरून तोंड झाकून घ्यायचे.

यंत्र तसं साधं होतं. लोखंडी नळ्यांचा पाळणा, त्यात एक पातळ गादी, गादीच्या पोटात तापणारी तार. खाली ट्रॅक्टरची बॅटरी. करंट असला की बॅटरी भरायची, गेला की तीच गादी गरम ठेवायची. फार गरम होऊ नये म्हणून गादीतच एक सेन्सर. हे सगळं त्याचं काम, सर्किटात त्याचा हात धरणारा आमच्या वर्गात कोणी नव्हता. गादी, कापड, पाळणा, आणि लोकांशी बोलणं हे माझं. लोकांशी बोलणं माझ्याकडं का दिलं, हे देव जाणे.

पण आमच्याकडं वेळ नव्हता, आणि तो का नव्हता हे आधी सांगायला पाहिजे.

भागीदाराच्या बापाची छाती खाणीतल्या धुळीनं खराब झाली होती. चार पावलं चालला की थांबून श्वास घ्यायचा. त्यांच्या कोळशाच्या कंपनीत एक रीत होती: कामगार काही वर्षं नोकरी शिल्लक असतानाच आजारपणानं निकामी ठरला, तर त्याची जागा त्याच्या पोराला मिळायची. साध्या मजुराची जागा, पण कायमची. पगार, क्वार्टर, दवाखाना, सगळं चालू राहायचं. उगादीनंतर, म्हणजे आपल्या पाडव्यानंतर, बापाची उरलेली नोकरी त्या हिशोबात बसणार नव्हती. तोपर्यंत पोरानं जागा घेतली तर घेतली, नाही तर ती कायमची गेली. घरात कमावणारा बाप एकटा, पोरगा एकच. बापाला आता घरी बसू द्यायचं तर पोरानं खाणीत जायचं, इतका सरळ मामला होता.

त्यानं बापाकडं एक हिवाळा मागून घेतला. "उगादीपर्यंत एखाद्या दवाखान्यानं आमचा पाळणा पसंत केला तर मी तुम्हाला पोसतो. नाही केला तर येतो, खाणीची टोपी घालतो." बाप म्हणाला, "बरं." एवढंच. म्हणजे त्या हिवाळ्यात आमचं यंत्र नुसतं चालायला नको होतं, ते कोणीतरी आपलं म्हणायला पाहिजे होतं.

मंडलाच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या, गावचा एक लहानसा सरकारी दवाखाना आम्हाला मिळाला, बोथच्या अलीकडं. तिथल्या डॉक्टरीणबाई खाली किनाऱ्याकडच्या, आंध्रातल्या कृष्णाकाठच्या, बदली होऊन आमच्या रानात येऊन पडलेल्या. पण बाई खमकी. आमचं सगळं ऐकून घेतलं, गादीवर स्वतःचा हात बराच वेळ ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "एक पाळणा ठेवा. लेकरू त्यात असेल तोवर माझी नर्स थर्मामीटर घेऊन जवळच बसेल. फारच अशक्त लेकरू मी आदिलाबादला पाठवीन, तुमच्या पेटीत नाही. आणि बाया राजी असतील तरच. मी कोणावर जबरदस्ती करणार नाही. हिवाळा संपला की सांगते."

मी कंबर कसली. पाळणा असा दिसला पाहिजे की बघणाऱ्यानं म्हणावं, वा! हैदराबादेत परदेशी यंत्रांचे फोटो बघितले होते, सगळं पांढरंशुभ्र. मी स्वतः बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात चांगला पांढरा लठ्ठा दाखवा. दुकानदार मराठीच, ओळखीचा. त्यानं थान काढलं आणि आवाज खाली करून विचारलं, "घरी सगळे बरे हायत ना ताई?"

मी म्हटलं, "एकदम मजेत."

त्यानं माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि कापड फाडून दिलं. मला वाटलं, वडिलांची चौकशी करतोय. त्या लठ्ठ्याच्या मी घड्या शिवल्या, मध्ये कापूस भरला. भागीदारानं त्या जाडीतून किती ऊब वर येते ते मोजून सगळं सर्किट जुळवलं. पाळण्यावर निळ्या रंगानं आमच्या कारखान्याचं नावही लिहिलं. दवाखान्यात नेऊन ठेवला तेव्हा तो इतका सुंदर दिसत होता की मी दारातून पुन्हा एकदा वळून बघितला.

त्यात एकही लेकरू टिकलं नाही.

म्हणजे बाया नाही म्हणायच्या नाहीत. तेच तर डोक्याला ताप. "हाव म्याडम, ठेवतो ना," म्हणायच्या. नर्सनं लेकरू ठेवलं की हसून मान डोलवायच्या. नर्स दुसऱ्या खाटेकडं वळली की लेकरू आईच्या कुशीत आणि पाळणा रिकामा. मराठी बाया तशाच, तेलुगू बाया तशाच. विचारलं तर, "रडत होतं ना म्हनून घेतलं." दुसरी म्हणायची, "दूध पाजाचं होतं." एकीनं तर मलाच पाळण्याजवळ बसवून चहा पाजला.

आम्ही इंजिनिअर. आम्हाला वाटलं, दोष यंत्रात आहे. पाळणा परत आणला. ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणत होता, तो बदलला. बॅटरीला पेटी केली, कोणाला तेजाबाची भीती वाटायला नको. लाल दिवा होता तो काढून हिरवा लावला. भागीदार तर दिवसेंदिवस सर्किटात तोंड घालून बसायचा आणि त्याचं बोलणं कमी कमी होत चाललं. तेवढ्यात बेल्लमपल्लीहून येणारं कोणी भेटलं की तो पहिल्यांदा विचारायचा, "बापू कसा आहे?" आणि उत्तर ऐकून परत डागकामाला लागायचा. पुस सरत आला. पाळणा परत नेला. पुन्हा तेच. हिरव्या दिव्याखाली रिकामी पांढरी गादी.

एके दुपारी माझा ताबा सुटला. भाजीपाला लावणाऱ्या घरची एक सून बाळंत झाली होती, जवळ सासू. लेकरू बारीक, हातपाय गार, डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलेलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत सासूनं ते पाळण्यातून उचललं. मी म्हटलं, "काऊन काढलं? काऊन काढता तुमी सगळ्या? चटका बसते काय? वास येते काय? एकदा सांगून तरी टाका!"

बाईनं लेकरू सुनेच्या हाती दिलं, मला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. लेकरापासून लांब. मग म्हणाली, "तुमचं लेकरू असतं तं ठेवलं असतं काय तुमी?"

"काऊन नसतं ठेवलं?"

"कोऱ्यात?"

ती म्हणाली, "पाचवी बी नाई झाली त्याची. पांढरं, कोरं, बाजारातून फाडून आनलेलं. असं कापड कधी घेतेत लोकं, तुमाले कोनी सांगलं नाई घरी? लेकरापाशी तोंडानं बोलाव नाई, म्हनून आमी बोलत नाई. बाकी तुमची मशीन चांगली हाय. गरम हाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तो दुकानदार! घरी सगळे बरे हायत ना! कोऱ्या लठ्ठ्याचा एवढा मोठा तुकडा मयताशिवाय कोणी नेत नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आमच्या घरी? भावाला मुलगी झाली तेव्हा तिला पहिलं झबलं नवं घालायचं नाही म्हणून आईनं मलाच पाठवलं होतं, गल्लीत जिची सगळी पोरं धडधाकट होती तिच्याकडं, जुनं झबलं मागायला. मी सायकलवर जाऊन ते आणलं होतं. ते घरात. आणि कारखान्यात शिरलं की आपण कोणीतरी वेगळेच होतो, तिथं आई नसते, पाचवी नसते, नुसतं पांढरं असतं.

मी भागीदाराला सांगितलं. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. "आमच्यातही तेच," तो म्हणाला. "मला आईच्या जुन्या साडीतच गुंडाळलं होतं. तार बदलली, दिवा बदलला, आणि घोडं इथं पेंड खात होतं!" मग त्यानं बोटांवर उगादीपर्यंतचे दिवस मोजले. पुस संपला होता.

उपाय दोघांनाही तिथंच सुचला. पाळण्याला आमचं कापडच नको. ज्याचं लेकरू त्यानं आपल्या घरचं जुनं आणावं, आजीचं लुगडं, बापाचं धोतर, काय असेल ते. पण मग दुसरीच पंचाईत उभी राहिली. सगळं सर्किट त्या लठ्ठ्याच्या जाडीवर बेतलेलं. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं एकेरी टाकलं तर ऊब जास्त लागणार, कोणी वाकळ अंथरली तर ऊब वरपर्यंत पोचणारच नाही. सेन्सर गादीच्या पोटात. गादी किती तापली ते त्याला कळायचं, लेकराला काय लागतंय ते त्याला काय माहीत?

मी आईचं गाठोडं उपसलं. शेजारणींकडून मागून आणलं. लुगडी, धोतरं, लुंग्या, गोधडी, एका तेलुगू बाईची सुती साडी, एक फाटका टॉवेल. कारखान्यात बोहारणीचं दुकान मांडल्यासारखं झालं. एकेक अंथरायचं, वर गरम पाण्याची रबरी पिशवी लेकरू म्हणून ठेवायची आणि मोजायचं. आई डबा घेऊन आली, तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "एवढं शिकून शेवटी चिंध्याच मोजून राह्यले काय?" पण जाताना आपलं एक मऊ लुगडं ठेवून गेली.

भागीदारानं सर्किट पार मोडलं आणि नव्यानं बांधलं. आता सेन्सर लेकराच्या पोटाला, मऊ पट्टीनं. कापड कोणतंही असो, लेकरू गार पडायला लागलं की गादी तापणार, लेकरू गरम झालं की बंद. आणि गादीला वरून एक लगाम, की काहीही झालं तरी चटका बसेल इतकी ती तापूच नये. डॉक्टरीणबाईंनी तो लगाम तोडायचा हर प्रकारे प्रयत्न केला. पट्टी काढून बघितली, वायर उपटून बघितली, वर चार घोंगड्या टाकून बघितल्या. मग म्हणाल्या, "ठेवा."

माघातल्या एका सकाळी एका म्हातारीनं पिशवीतून विटलेलं हिरवं लुगडं काढलं, चौघडी केली, गादीवर अंथरली, हातानं सुरकुत्या मोडल्या आणि नात ठेवली. म्हातारीनं पाळण्याच्या कडेला हात ठेवला आणि सुनेशी पाटाच्या पाण्याबद्दल बोलायला लागली. लेकरू काढलं नाही. दुपारी करंट गेला, तरी काढलं नाही. आमचं निळ्या अक्षरातलं नाव लुगड्याच्या पदराखाली पार झाकून गेलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं. पण आत आनंद असा दाटून आला होता की मी मागच्या आवारात जाऊन एकटीच रडून घेतलं.

त्यानंतर पाळणा रिकामा राहिला नाही. पण माघ केवढासा! थंडी ओसरत गेली, आणि शिवरात्रीनंतर आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मला आवडलं. पण किती लेकरं झाली? एवढ्यावर मी वर शिफारस करणार नाही. अजून एक पूर्ण हिवाळा मला बघू द्या."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही स्वतः बघितलंय, आता आणखी काय बघायचं? आवाज चढला माझा. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू रागावल्यानं लेकरं वाढत नाहीत. चुकून एखाद्याला काही झालं तर उत्तर मला द्यायचंय, आणि त्या आईला." त्यांचं बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला.

बाहेर आलो तेव्हा भागीदार म्हणाला, "मी घरी जातो. जागा घेतो."

मग मी त्याच्यावर सुटले. पळपुटा म्हटलं, भित्रा म्हटलं, काय काय म्हटलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बापू खोकतो ते शेजारच्या क्वार्टरात ऐकू जातं. तुला रागावणं सोपं आहे. तुझा बाप कचेरीत पंख्याखाली बसतो." त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

उगादी जवळ आली तेव्हा बाप स्वतःच पोराला न्यायला आला. मंचेरियलपर्यंत रेल्वे, तिथून बस. लहान चणीचा माणूस, धुतलेला सदरा, आणि डोळ्यांच्या कडांत काजळ घातल्यासारखा काळा कोळसा, कितीही धुतला तरी न निघणारा. मी काका म्हणत चहा दिला. चहाच्या दोन घोटांमध्ये तो थांबून श्वास घ्यायचा. मग पोराला म्हणाला, "ती पेटी दाखव एकदा. मग जाऊ."

आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. पाळण्यात कोणाचं तरी लेकरू निजलं होतं, बापाच्या जुन्या लुंगीवर. थंडी सरली होती, पण सकाळचा गारवा अजून लागायचा. तो लांब उभा राहिला. खोकला आला तशी बाहेर गेला, व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन खोकून आला, तोंड धुऊन परत आला. तेवढ्यात करंट गेला. वरचा दिवा विझला, पंप बंद पडला. तो लेकराच्या आईला म्हणाला, "अम्मा, हात लावू का?" तिनं मान हलवली. त्यानं पालथा हात लुंगीखाली सरकवला आणि तसाच ठेवला. करंट येईना. तो हलेना. पोरगा खिडकीपाशी उभा, बाहेर बघत. बऱ्याच वेळानं त्यानं हात काढला, दुसऱ्या हातानं चोळला आणि म्हणाला, "गरम आहे अजून."

बाहेर येऊन तो पोराला म्हणाला, "मी पुढं जातो. तू रविवारी ये." आणि एकटाच बसमध्ये चढला.

रविवारी भागीदार पिशवी भरून गेला. सोल्डरिंगची सगळी हत्यारं त्यानं पुसून माझ्या टेबलावर मांडून ठेवली होती. मला ती बघवेनात. मंगळवारी सकाळी मी खोली उघडायला गेले तर तो दारात बसलेला, तीच पिशवी घेऊन, चेहरा उतरलेला. मला वाटलं, काका गेले.

"बापूनं आजारपणाचा अर्ज मागं घेतला," तो म्हणाला. "मी पोचायच्या आधीच. डॉक्टरांना सांगून आला, मी ठणठणीत आहे, काम करतो. आता जागा गेली. कायमची गेली. मी भांडलो, ओरडलो. तो म्हणाला, एक हिवाळा अजून मी खाली काढतो, तू वर काढ. आणि डबा घेऊन पहिल्या पाळीला निघून गेला."

त्यानं पिशवी ठेवली, हत्यारं उचलली आणि कामाला लागला.

त्या वर्षी आम्ही जे काम केलं तसं पुन्हा कधी केलं नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून आम्ही थंडीचं यंत्र बांधत होतो. डॉक्टरीणबाईंच्या नर्सनं ओळखीच्या नर्सना सांगितलं, त्यांच्या डॉक्टरांनी पाळणे मागितले, आणि पुढच्या पुसात आमचे पाळणे जिल्ह्यात ठिकठिकाणी होते. जिथं पाळणा तिथं आम्ही, आज उटनूर, उद्या निर्मल, बसच्या टपावर बॅटऱ्या बांधून. कुठं वायर उंदरानं खाल्ली, कुठं बॅटरीच कोणी ट्रॅक्टरला लावली. आम्ही जायचो, दुरुस्त करायचो, भांडायचो, परत लावायचो. कंटाळा आला की भागीदार एवढंच म्हणायचा, "बापू खाली आहे." मग मी उठायचे.

हिवाळा संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शिफारस लिहिली, कंजुषी न करता लिहिली. पुढं काही दिवसांनी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी पाळणे घ्यायचं ठरलं. वडील म्हणाले, "मंजुरी आली? मग ठीक हाय," आणि पेपर खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

आम्ही दोघं त्याच दिवशी बेल्लमपल्लीला गेलो. दुपार होती, पहिली पाळी नुकतीच सुटली होती. काका क्वार्टरच्या पायरीवर बसले होते, अजून अंघोळ नव्हती झाली, कानापर्यंत कोळसा. वर्षभरात माणूस अर्धा झाला होता. पोरानं तेलुगूत सगळं सांगितलं, घाईघाईनं, एकाच दमात, आणि सांगून झाल्यावर काय करावं ते न कळून बापाच्या अंघोळीची बादली घेऊन नळावर गेला.

काका मान हलवत राहिले. खोकला आला, तो सरेपर्यंत मी थांबले. मग ते माझ्याकडं वळले. पोराकडं नाही, माझ्याकडं. आणि पाळीच्या साहेबाला सुट्टी मागावी तसं हळूच म्हणाले, "बिड्डा, पोरी, मग उद्यापासून मी नाही गेलो तर चालेल?"

"चालेल, काका," मी म्हटलं.

नळावर बादली भरून वाहत होती. तो तिथंच उभा होता, आमच्याकडं पाठ करून, आणि नळ बंद करत नव्हता.